पाच मार्च आणि तीन मे

माझा धंदा कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहिण्याचा. मोबाइलवरचे किंवा इंटरनेटवरचे मला येत नाहीत. टेबलावर जो जाडजूड कॉम्प्युटर असतो, ज्याच्यावर घरातल्या कुणी क्रोशाचा रुमाल टाकलेला असतो, त्याच्यावर चालणारे मी लिहितो. पाचूबंदरला बर्फ पुरवणाऱ्याची बिलं, चांदीपच्या एका भातगिरणीच्या पावत्या, उमेळ्यात वाडी मोडून उभ्या राहिलेल्या दोन इमारतींच्या सोसायटीच्या नोटिसा, एवढं माझं साम्राज्य. माझ्याबरोबर शिकलेले लोक मॅनेजर झाले आणि त्यांनी कोड लिहिणं सोडून दिलं. मी का सोडलं नाही असं कुणी विचारलं तर मी आवड म्हणून सांगतो. खरं म्हणजे मला कुणी मॅनेजर केलंच नाही.

बिघाड शोधायची या धंद्यात एक शास्त्रशुद्ध पद्धत आहे. चूक पुन्हा घडवून बघायची, कुठल्या वेळी घडते आणि कुठल्या वेळी घडत नाही ते लिहून काढायचं, मग एकेक शक्यता बाद करत जायचं. मी ती पद्धत दुसऱ्यांना शिकवली आहे. स्वतः मात्र वीस वर्षं एकच प्रश्न विचारून काम भागवलं: "तुम्ही काय दाबलंत?"

हा प्रश्न फार गुणकारी आहे. समोरचा माणूस लगेच आरोपी होतो. तो आपल्या बोटांकडे बघतो, आठवायला लागतो, गडबडतो, आणि तेवढ्या वेळात आपण गुपचूप आपली चूक शोधून काढू शकतो. बर्फवाल्याला मी एकदा फोनवर हाच प्रश्न तीनदा विचारला. शेवटी तो म्हणाला, "शेट, मी कायपन दाबला नाय. दोन दिस मी पान्यात होतो, बोटीवर. कॉम्प्युटर बंद होता. बंद असताना बिघाडला तो." चूक अर्थात माझी होती. मी त्याला सांगितलं की खाऱ्या हवेने असं होतं. त्याने दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरला प्लास्टिकची पिशवी घातली. ती अजून आहे.

आता खरं पाप सांगतो.

आमच्या चर्चच्या ऑफिससाठी मी एक प्रोग्रॅम लिहून दिला होता. आमच्याकडे रीत अशी की घरात कुणी गेलं की घरचे लोक मृत्यूची तारीख चर्चच्या ऑफिसात एकदाच नोंदवतात. मग दर वर्षी त्या दिवशी सकाळच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, फादर त्या माणसाचं नाव घेऊन प्रार्थना करतात. घरचे सगळे इस्त्रीचे कपडे घालून पुढच्या बाकांवर बसतात. बोरिवलीहून मुलगी येते, न उठणाऱ्या नातवंडांना ओढून आणतात. मिस्सेनंतर कबरीवर फुलं आणि मेणबत्ती, मग घरी चहा आणि नाश्ता, आणि नाश्त्यावर जमिनीचं भांडण. आमच्या गावात माणूस मेल्यावरही वर्षातून एक सकाळ त्याची स्वतःची असते. त्या सकाळची यादी माझा प्रोग्रॅम काढायचा.

ऑफिस सांभाळायच्या टीचर. त्या शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण गावात त्यांना दुसऱ्या कुठल्या नावाने कुणी हाक मारत नाही. फादरसुद्धा टीचरच म्हणतात. त्यांनी मला पाचवीत गणित शिकवलं आणि मी त्यांना साठीनंतर कॉम्प्युटर. त्या माझ्यापेक्षा चांगल्या विद्यार्थिनी निघाल्या. नवरा जाऊन काही वर्षं झालेली, एकुलती मुलगी पुण्याला. घर, अंगणातली तगर, आणि सकाळी नऊ ते बारा हे ऑफिस, एवढ्यावर त्यांचं व्यवस्थित चाललं होतं. एकाच गोष्टीला त्या घाबरायच्या. त्यांची आई शेवटची काही वर्षं कुणाला ओळखत नव्हती. टीचरनाच "तुम्ही कोणाकडे आलात?" असं विचारायची. टीचर हे सांगायच्या तेव्हा हसून सांगायच्या, पण दर वेळी सांगायच्या.

डिसेंबरात फादरांनी तक्रार केली की वर्षाची यादी उलटसुलट निघते. तक्रार खरी होती. मी तारखा साध्या अक्षरांसारख्या साठवल्या होत्या, त्यामुळे यादीत आधी बारा महिन्यांच्या सगळ्या एक तारखा यायच्या, मग सगळ्या दोन तारखा. मी म्हटलं, नाताळच्या आत करून देतो. आणि करून दिलं. आता प्रोग्रॅमला तारीख ही तारीख म्हणून कळू लागली.

मात्र त्या बदलात मी एक चूक केली. ही चूक या धंद्यातलं पोरसुद्धा करत नाही, कारण ती पहिल्याच वर्षी शिकवतात. नोंदी साठवायला मी जो डेटाबेस वापरतो तो जिथे तयार झाला तिथे लोक महिना आधी लिहितात आणि दिवस नंतर. त्याला तुम्ही नुसतं ५/३ सांगितलंत की तो तीन मे समजतो. आपण सांगत असतो पाच मार्च. यावर उपाय आहे, एका ओळीचा आहे, मला माहीत होता. मी म्हटलं, नंतर करू.

वाईट गोष्ट अशी की डेटाबेस मूर्ख नाही. २५/३ सांगितलं तर पंचविसावा महिना नसतो हे त्याला कळतं, आणि तो न बोलता पंचवीस मार्च असं बरोबर घेतो. म्हणजे तेरा तारखेपासून पुढे सगळं ठीक, आणि बारापर्यंत दिवस-महिन्याची अदलाबदल. पूर्ण चुकणारा प्रोग्रॅम लगेच पकडला जातो. अर्धवट चुकणारा माणसासारखा असतो, त्याच्यावर लोक विश्वास ठेवतात. मी तपासून बघितलं होतं, नाही असं नाही. माझ्या वडिलांची तारीख घालून बघितलं. ते तेवीस तारखेला गेले. प्रोग्रॅम पास झाला.

अदलाबदल फक्त नोंद सेव्ह करताना व्हायची. पडद्यावर आपण लिहिलेलीच तारीख दिसत राहायची, ती नोंद पुन्हा उघडली की उलटी. टीचर जानेवारीत एकेका घराची नोंद उघडून नवा फोन नंबर घालत होत्या. दर सेव्हला एक मेलेला माणूस दुसऱ्या महिन्यात जात होता. आणि यातली खरी क्रूर गंमत पुढे आहे. टीचरना चूक दिसली की त्या तारीख पुसून बरोबर तारीख घालायच्या आणि सेव्ह करायच्या. झालं, पुन्हा उलटी. त्याऐवजी काहीही न बघता नुसतं सेव्ह दाबलं असतं तर उलटीची सुलटी झाली असती. आळशी बाईच्या हातून सगळं दुरुस्त झालं असतं. टीचर आळशी नव्हत्या.

नऊ फेब्रुवारीला ते फुटलं. त्या दिवशी एक कुटुंब पुढच्या तीन बाकांवर बसलं होतं, वडिलांची मिस्सा म्हणून. फादरांनी नाव घेतलं ते भलत्याच म्हातारीचं, जी दोन सप्टेंबरला गेली होती. तिची सून रोजच्यासारखी मागे बसली होती. ती शेजारणीला इतक्या हळू आवाजात म्हणाली की अख्ख्या चर्चने ऐकलं: "बाय माझे, आता वर्षातून दोनदा?"

पुढच्या बाकांवर कुणी हसलं नाही. तिथे दोन भाऊ होते, आणि मिस्सा संपायच्या आत दोघांनी एकमेकांवर आरोप केला होता की तू ऑफिसात सांगायला विसरलास.

मला बोलावणं आलं. ऑफिसात फादर होते, चर्चचा कारभार बघणाऱ्या पॅरिश कौन्सिलचे खजिनदार होते, दोन्ही भाऊ होते, आणि खुर्चीवर टीचर. मी लॅपटॉपची बॅग खाली ठेवली आणि आत्तापर्यंतचं आयुष्य ज्याच्यावर काढलं तो प्रश्न विचारला.

"टीचर, तुम्ही काय दाबलंत?"

टीचरनी चष्मा काढला, रजिस्टर बघितलं, पडदा बघितला. रजिस्टरात त्यांच्याच सुंदर अक्षरात नऊ फेब्रुवारी होतं. पडद्यावर दोन सप्टेंबर.

"माझंच चुकलं असेल," त्या म्हणाल्या. "मीच घातली ना ही."

मोठा भाऊ म्हणाला, "असू दे टीचर. वयाप्रमाणे होतं."

धाकटा म्हणाला, "मग मघाशी मला का बोललास?"

मी घरी आलो आणि वीस मिनिटांत चूक सापडली. ज्या ओळीवर मला संशय होता तिथेच होती. आणखी पाच मिनिटांत दुरुस्त केली. दुसऱ्या दिवशी जाऊन नवी आवृत्ती घालून आलो. काय बदललं असं टीचरनी विचारलं तर मी म्हणालो, "किरकोळ सुधारणा." जगातल्या प्रत्येक प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्तीखाली हेच लिहिलेलं असतं. त्या दोन शब्दांखाली काय काय पुरलेलं असतं ते आम्हालाच माहीत.

त्याच वेळी सांगायला हवं होतं. का नाही सांगितलं? चार माणसांसमोर मी त्यांना विचारलं होतं, आणि त्यांनी चार माणसांसमोर कबूल केलं होतं. आता ती कबुली त्यांना परत कशी द्यायची? मी मनाशी म्हटलं, प्रोग्रॅम तर सुधारला, जुन्या उलट्या झालेल्या तारखा टीचर दिसतील तशा सुधारतील. मी स्वतःसुद्धा त्या आपोआप सुलट्या करू शकत नव्हतो. ३/५ अशी नोंद मुळात तीन मे आहे की उलटलेला पाच मार्च, हे कुठल्याही कोडला कळत नाही. ते फक्त कागदी रजिस्टरला माहीत होतं. आणि रजिस्टर मागायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

पाच मार्चला टीचरच्या यजमानांची मिस्सा होती. मुलगी पुण्याहून आली होती. टीचर पुढच्या बाकावर बसल्या. फादरांनी यादी वाचली. यजमानांचं नाव नव्हतं. ते मे महिन्यात गेले होते, माझ्या कृपेने, जानेवारीत टीचरनी स्वतःचा फोन नंबर बदलला तेव्हापासून.

मी त्या मिस्सेला होतो. टीचरनी मागे वळून बघितलं नाही, फादरांकडेही बघितलं नाही. त्यांनी मांडीवरचे दोन्ही हात उचलले आणि तळवे बघितले, उलटे करून पुन्हा बघितले. ती यादी त्यांनीच काढली होती, त्यांनीच फळ्यावर लावली होती. स्वतःच्या नवऱ्याचं नाव त्यात नाही हे त्यांना दिसलं नव्हतं, कारण ते असणारच असं त्या धरून चालल्या होत्या. मी माझ्या प्रोग्रॅमबद्दल धरून चालतो तसंच. फरक एवढाच की त्यांना त्यासाठी डॉक्टर गाठावासा वाटला.

मेंदूच्या डॉक्टरने काही चित्रं काढायला लावली, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. गणिताच्या बाई, त्या उणे संख्येपर्यंत गेल्या. डॉक्टर म्हणाला, काळजीचं काही दिसत नाही, पण वय आहे, जीवनसत्त्वाच्या गोळ्या देतो. गोळ्या सुरू झाल्या आणि चुका थांबल्या. टीचर जी तारीख दुरुस्त करतील ती आता दुरुस्तच राहू लागली, कारण कोड मी फेब्रुवारीतच सुधारला होता. पण टीचरना काय दिसलं? गोळी घेतली की डोकं चालतं. म्हणजे न घेता बिघडलेलं असतं. माझ्या दुरुस्तीने त्यांच्या आजाराचा पुरावा तयार झाला.

हे सगळं मला माझ्या बायकोने सांगितलं. तिला टीचर भाजीवालीकडे भेटल्या होत्या. "ईस्टर झाला की घर भाड्याने देऊन मुलीकडे जाणार म्हणाल्या," बायको म्हणाली. "ऑफिसचा राजीनामा दिलाय. म्हणे, गोळ्या किती दिवस पुरणार." मी भाताकडे बघत राहिलो. ती म्हणाली, "तुला काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, कामाचं टेन्शन." खोटं नव्हतं.

ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात आमच्याकडे सगळं गाव कुमसाराला जातं, म्हणजे फादरांपुढे पापं सांगायला. त्या संध्याकाळी आजूबाजूच्या गावांतून चार-पाच फादर येतात, चर्चच्या कोपऱ्याकोपऱ्यात लाकडी जाळीमागे बसतात, आणि प्रत्येकापुढे रांग लागते. सगळ्यात लांब रांग नेहमी सगळ्यात बहिऱ्या फादरांपुढे असते. आपल्या गावच्या फादरांपुढे कुणी जात नाही. जो माणूस उद्या आपल्याकडे चहाला येणार, त्याला कशाला सांगायचं?

मी बहिऱ्या फादरांच्या रांगेत उभा राहिलो. माझा बेत असा की पाप सांगून टाकायचं, क्षमा घ्यायची, दहा वेळा 'हे आमच्या बापा' ही प्रार्थना म्हणायची, आणि हलकं होऊन घरी जायचं. अर्धा तास झाला. मग रांगा सांभाळणाऱ्या स्वयंसेविका बाईने माझ्या दंडाला धरलं.

"तुम्ही इकडे या हो, इथे कुणीच नाही."

"मी थांबतो."

"अहो, पापं तीच, फादर कुठलेही चालतात. चला, आटपा."

तिने मला नेऊन आमच्याच फादरांच्या जाळीसमोर गुडघ्यावर बसवलं. वीस-पंचवीस लोक बघत होते. उठून जाणं म्हणजे काहीतरी भयंकर आहे असं जाहीर करणं. मी आवाज बारीक करून सुरुवात केली.

"फादर, मी खोटं बोललो. माझी चूक दुसऱ्यावर ढकलली."

"कुणावर?"

"एका... युजरवर."

फादर जाळीशी वाकले. मग, "तू आहेस होय?"

मी सगळं सांगितलं. नऊ-दोन, दोन-नऊ, पाच-तीन. फादर ऐकत होते. मध्ये एकदा त्यांनी विचारलं, "म्हणजे ती सप्टेंबरची म्हातारी तुझी?" मी हो म्हटलं. "आणि टीचर?" मी हो म्हटलं.

"गाढवा," फादर म्हणाले. कुमसाराच्या संस्कारात हा शब्द बसतो की नाही मला माहीत नाही. "ऑफिसात येऊन का नाही सांगितलंस? तुला कळतंय तू काय केलंस? इथे सांगितलेलं मला कुठेच बोलता येत नाही. सुचवताही येत नाही. उद्या कौन्सिलपुढे त्यांचा राजीनामा येतोय, आणि तू आज येऊन माझंच तोंड शिवलंस!"

"मी बाहेर येऊन परत सांगतो ना फादर."

"मला सांगून काय उपयोग? टीचरना सांग. प्रार्थना-बिर्थना काही नको तुझ्या. हेच तुझं प्रायश्चित्त." मग त्यांनी क्षमेचे शब्द उच्चारले आणि शेवटी पुटपुटले, "ही देवाच्या नावाने दिली. माझ्या नावाने अजून नाही."

मी बाहेर आलो आणि घरी गेलो. टीचरांचं घर वाटेत होतं. दिवा लागलेला होता. मी चप्पल न वाजवता गेलो.

दुसऱ्या दिवशीच्या सभेला मलाही बोलावलं होतं, कारण नव्या माणसाला प्रोग्रॅम शिकवायचा होता. खजिनदारांनी राजीनामा वाचून दाखवला. "इतकी वर्षं प्रामाणिक सेवा केली," ते म्हणाले, "पण आता वय झालं, आपण समजून घेतलं पाहिजे. शाल देऊ." फादर माझ्याकडे बघत नव्हते. त्यांना बघायची परवानगी नव्हती बहुतेक. ते पाणी पीत होते. तीन ग्लास प्यायले. "फादर, आपलं मत?" खजिनदारांनी विचारलं. फादर म्हणाले, "मला काही बोलायचं नाही," आणि चौथा ग्लास भरला. मी त्या सभेत तोंड उघडलं ते बिस्किट खायला.

रात्री बायकोला सांगितलं. ती गादीवर उठून बसली. मग म्हणाली, "एवढं सगळं तुला माहीत होतं आणि त्या बाईला तू डॉक्टरकडे जाऊ दिलंस?" उशी घेऊन ती मुलीच्या खोलीत झोपायला गेली.

ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यातल्या मंगळवारी सकाळी टीचरनीच मला ऑफिसात बोलावलं, चाव्या आणि पासवर्ड द्यायला. टेबल आवरलेलं होतं. एक शंभर पानी वही त्यांनी माझ्यापुढे ठेवली.

"हे माझ्या चुकांचं. पुढे जो येईल त्याला दाखव, म्हणजे कुठे कुठे बघायचं ते त्याला कळेल."

वहीत रकाने आखलेले. रजिस्टरातली तारीख, कॉम्प्युटरवरची तारीख, कधी लक्षात आलं, पुन्हा चुकलं का. वीस वर्षांत मला कुणी इतकी स्वच्छ तक्रार लिहून दिलेली नाही. कंपन्यांमध्ये पगार घेऊन लोक इतकं नीट लिहीत नाहीत.

"एक गंमत बघ," टीचर म्हणाल्या. "तेरा तारखेपासून पुढची एकही नोंद माझी चुकलेली नाही. फक्त एक ते बारा. मी डॉक्टरला म्हटलं, माझं डोकं लहान आकड्यांनाच का घाबरतं? तो हसला नुसता. तुला काय वाटतं?"

त्यांनी बिघाड शोधून काढला होता. नमुना त्यांच्यापुढे होता, त्यांच्याच अक्षरात. फक्त तपासायचा कॉम्प्युटर त्यांनी चुकीचा निवडला होता. स्वतःचं डोकं.

"टीचर, तुमची काही चूक नाही. प्रोग्रॅम चुकत होता. मी चुकवला होता."

त्या माझ्याकडे बघून हसल्या. ते हसणं मला अजून दिसतं. "तू पाचवीतपण असाच होतास. कुणी रडलं की 'मी केलं' म्हणायचास. बस, चहा घेतोस?"

"खरंच सांगतोय."

"बाळा, मला बरं वाटावं म्हणून बोलतोयस, कळतंय मला. हे बघ, आता मी घालते ती तारीख बरोबर राहते. कॉम्प्युटर तोच आहे. बदललं काय? गोळ्या."

बदललं होतं ते मीच बदललं होतं, आणि न सांगता. आता माझ्याकडे पुरावा नव्हता. आयुष्यभर लोकांना "माझ्याकडे तर नीट चालतंय" असं सांगितलं, आणि आता माझी चूक सिद्ध करायची वेळ आली तर सगळं नीट चालत होतं.

मी घरी जाऊन जुनी आवृत्ती घेऊन आलो. डिसेंबरातली, बिघडलेली. टीचरच्या कॉम्प्युटरवर ती बाजूला, वेगळी चालू केली आणि खुर्चीवरून उठलो.

"तुम्ही घाला. मी हात लावत नाही."

टीचर बसल्या. यजमानांचं नाव लिहिलं. तारीख लिहिली, ०५/०३, प्रत्येक आकडा मोठ्याने म्हणत. सेव्ह केलं. नोंद बंद केली. पुन्हा उघडली.

तीन मे.

त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा पाच मार्च घातलं. पुन्हा तीन मे. मग २५/३ घातलं, ते तसंच राहिलं. १२/३ उलटलं, १३/३ नाही. ७/७ घातलं, त्याचं काही झालं नाही, आणि का झालं नाही ते त्यांनीच मला सांगितलं. मग नवी आवृत्ती उघडायला सांगितली आणि तेच सगळं पुन्हा केलं. पाऊण तास चाललं होतं ते. त्या पाऊण तासात त्या म्हाताऱ्या वाटत नव्हत्या.

मग खुर्ची माझ्याकडे वळली.

"हे सुधारलंस कधी?"

"नऊ फेब्रुवारीला."

"त्याच दिवशी? मला विचारलंस, त्याच दिवशी?"

"हो."

"म्हणजे पाच मार्चला तुला माहीत होतं."

"हो."

त्या उठल्या, खिडकीपाशी गेल्या. बाहेर पोरं गुड फ्रायडेसाठी खांब रंगवत होती. "मी रोज रात्री दारावर कडी लावली का ते तीनदा उठून बघते," त्या खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या. "गॅसचं बटण हाताने चाचपते. मुलीशी बोलायच्या आधी नातीचं नाव मनात म्हणून बघते, चुकू नये म्हणून. दीड महिना. तू चर्चमध्ये माझ्या मागच्या बाकावर बसायचास ना रे?"

मी माफ करा म्हणालो.

"माफीचं नंतर बघू. ईस्टरनंतरच्या रविवारी चर्चमध्ये सांगायचंस. सगळ्यांसमोर. 'तांत्रिक अडचण' वगैरे म्हणालास तर मी उठून उभी राहीन." आणि त्यांनी फोन उचलून मुलीला लावला. "ऐक, त्या भाडेकरूला नाही सांग. ...अगं नाही, डॉक्टरने नाही. गाढव सापडलं."

ईस्टरनंतरच्या रविवारी मिस्सा संपल्यावर फादर म्हणाले, एका माणसाला काही सांगायचं आहे. इतक्या आनंदाने त्यांनी कुणाचं लग्नही जाहीर केलं नसेल. मी माइकपुढे उभा राहिलो आणि सांगितलं. चूक माझी होती, मला लगेच कळली होती, मी ती टीचरवर राहू दिली. तांत्रिक हा शब्द वापरला नाही. सप्टेंबरवाल्या म्हातारीची सून मध्येच म्हणाली, "म्हणजे सासूबाईंचं आता एकदाच ना? नक्की ना?" लोक हसले. ते दोन भाऊ हसले नाहीत. बाहेर आल्यावर मोठा माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "आमच्यात तर आधीच कमी बोलणं होतं रे. आता तेही बंद आहे." एवढंच. खजिनदारांनी शालीचं काय करायचं असं विचारलं. फादरांनी ती मलाच पांघरावी असं सुचवलं.

टीचर ऑफिसात परत आल्या, पण अट घालून. जेवढ्या नोंदी आहेत तेवढ्या सगळ्या कागदी रजिस्टरशी पडताळायच्या, आणि समोर मी बसायचं. दर शनिवारी सकाळी आम्ही बसतो. त्या रजिस्टरातून वाचतात, मी पडद्यावर बघतो. प्रत्येक मेलेल्यावर त्यांचा शेरा असतो. "हा दिसायला फार चांगला होता, अकलेने बेताचा." "हिने माझी दोन पातेली नेली, परत आणली नाहीत. बघ, तारीख बरोबर आहे ना? वर जाऊन मागेन."

माझ्याशी त्या बोलतात, चहा देतात. माफीचं अजून बघितलेलं नाही.

गेल्या शनिवारी एक नाव वाचून त्या थांबल्या. तारीख अकरा जून. शेरा आला नाही.

"हा कोण रे?"

मला आठवत होता. त्यांच्या घरापासून चौथ्या घरात राहायचा, सायकलवरून पाव विकायचा, सकाळी भोंगा वाजवायचा. विसरण्यासारखा माणूस नव्हता. मी गप्प बसलो असतो, "मलाही आठवत नाही" म्हणालो असतो, तर त्यांना बरं वाटलं असतं. टीचर माझ्या तोंडाकडे बघत होत्या. पाच मार्चला तळव्यांकडे बघत होत्या, तशाच.

"मला आठवतो, टीचर," मी म्हणालो.

"सांग मग."

मी सांगितलं. सायकल, भोंगा, मागच्या टोपलीवरचं निळं प्लास्टिक, उधार पाव मागणाऱ्या पोरांना तो घालायचा त्या शिव्या. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "हां. तो होय." आठवला म्हणून म्हणाल्या, की मला बरं वाटावं म्हणून, ते मला कळलं नाही, आणि विचारायची सोय मीच ठेवलेली नाही.

"तारीख सांग," टीचर म्हणाल्या.

"अकरा जून."

त्यांनी रजिस्टरातल्या त्या ओळीवर बोट ठेवलं, दोनदा वाचली, आणि पान उलटलं.